‘&’च्या पुढचं

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार पोचावा. (साष्टांगात आठ अंगं मोजतात. माझा उजवा गुडघा सध्या वाकत नाही, तेव्हा सात अंगं आता पाठवली आहेत, आठवं मागाहून येईल.) तुमची तब्येत कशी आहे? खोकला अजून सकाळचाच आहे की दिवसभराचा झाला? वहिनींच्या डाव्या डोळ्याचं पाणी थांबलं का? खरं म्हणजे हे सगळं मला ठाऊक आहे. तुमच्या सौ. आणि आमच्या सौ. रोज दुपारी फोनवर बोलतात, आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत मीच बांधून घेतलेली असल्यामुळे ती किती पातळ आहे ते मी जाणतो. पण पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. (त्या दोघींनी आपल्या दोघांचा विषय काढायचा नाही असं ठरवलेलं दिसतं. तीन वर्षं कान देऊन ऐकतो आहे, आपलं नाव एकदाही आलं नाही. थोडा अपमानच म्हणायचा.) आणखी एक. समोर असलो की मी तुम्हाला ‘तू’ म्हणतो आणि पत्रात ‘तुम्ही’. तीन वर्षांत आपण समोर आलेलो नाही, त्यामुळे माझ्याकडे बरेच ‘तू’ साठले आहेत. ते नीट ठेवले आहेत.

आता कारण. गेल्या मंगळवारी आमच्या दुकानाकडून तुमच्या फोनवर एक निरोप आला असेल : ‘क्षमस्व. आपली मागणी आमच्या कामात बसत नाही.’ त्यातलं ‘क्षमस्व’ माझं नाही, ते यंत्रात आधीपासून भरलेलं असतं. पण निरोप ज्या बटणानं गेला त्या बटणावरचं बोट माझंच. ते तिथं कसं गेलं हे सांगायला हे पत्र. चार ओळींतही सांगता येईल, पण चार ओळींवर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, मी तुम्हाला ओळखतो. तेव्हा चष्मा लावून बसा.

आमच्या सुनेनं दुकानाची वेबसाइट केली, हे तुम्हाला पातळ भिंतीतून पलीकडे कळलंच असेल. ती हेच काम करते, आणि दुकानाच्या माळ्यावर, जिथं मी पूर्वी प्लायवूड ठेवत असे, तिथं बसून करते. (प्लायवूड आता बाहेर उन्हात वाकतं आहे, पण घरात शिकलेलं माणूस आलं म्हणजे एवढं चालायचंच.) साइट झाली झकास. गिऱ्हाइकानं दाराची रुंदी भरायची, उंची भरायची, लाकूड निवडायचं, बिजागऱ्या डावीकडे की उजवीकडे ते सांगायचं, आणि सगळ्यात खाली एक मोठी चौकट, ‘विशेष सूचना’. मी तिला म्हटलं, सूनबाई, चौकट आमच्या धंद्यात दाराला असते, ही कसली? ती म्हणाली, बाबा, ही बोलायची चौकट. गिऱ्हाइकानं बटण दाबलं की साइट त्याला तिथून उचलून दुसऱ्या पानावर नेते, तिथं ‘धन्यवाद, आपण असं असं सांगितलंत’ असं येतं, आणि त्या दुसऱ्या पानावर जे पोचेल तेच आमच्या दुकानात चिठ्ठी होऊन छापून बाहेर पडतं. मी विचारलं, पहिल्याच पानावर का नाही थांबवत त्या बिचाऱ्याला? तर म्हणे, थांबवलं आणि त्यानं पान पुन्हा उघडलं, तर तीच मागणी पुन्हा जाते, आणि एका घराला दोन दारं होतात. हे मला पटलं. पण पुढं ती जे बोलली ते मला आवडलं नाही. म्हणाली, ‘बाबा, पानाला आठवण नसते. पहिल्या पानाला काय सांगितलं ते दुसऱ्याला माहीत नसतं. आपण पोचवावं लागतं.’

दादा, हे ऐकलं आणि मला ती कचेरी आठवली. वडिलांचं नाव कागदावर चुकलं होतं म्हणून आपण दोघं गेलो होतो बघा. एक नंबरच्या खिडकीनं सगळं ऐकून घेतलं आणि तीनवर पाठवलं. तीननं विचारलं, नाव काय, काम काय. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तिनं पाचवर पाठवलं. पाचनं विचारलं, नाव काय. चौथ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही बाहेर गेलात, पुठ्ठ्याचा तुकडा आणलात, पिशवीतून ब्रश काढलात (तुमच्या पिशवीत ब्रश नाही असा दिवस मी पाहिला नाही) आणि वडिलांचं बरोबर नाव, चुकीचं नाव आणि आपलं काम असं ठसठशीत रंगवून माझ्या गळ्यात अडकवलंत. पुढच्या दोन खिडक्यांनी काही विचारलं नाही. नुसतं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

सुनेनं तीच युक्ती केली होती. गिऱ्हाइकाला एका पानावरून दुसऱ्यावर ढकलताना त्याच्या गळ्यात पाटी. फोनमध्ये सगळ्यात वर पत्ता लिहिलेली जी पट्टी असते ना, त्या पत्त्याच्या शेपटाला त्यानं सांगितलेलं सगळं जोडायचं, आणि दुसऱ्या पानानं ते शेपूट वाचायचं. मी विचारलं, मजबूत आहे का? म्हणाली, तात्पुरतं आहे बाबा, नंतर नीट करते. (आपल्या दुकानावरचं पत्र्याचं छप्परही मी तात्पुरतंच घातलं होतं. त्याला आता बावीस वर्षं झाली.)

पाटी गळ्यात घातली की ती रस्त्यावरचा कोणीही वाचतो, ही अक्कल आम्हाला पहिल्याच महिन्यात आली. एका सद्गृहस्थानं दार मागवलं आणि विशेष सूचनेत लिहिलं : ‘दार सासूबाईंच्या खोलीचं आहे. जाडीत जाड करा, आतला शब्द बाहेर येता कामा नये.’ काम आमच्या आवडीचं होतं. पण त्यानं काय केलं, ‘धन्यवाद’चं पान उघडलं, त्यावर दाराचं चित्र छान आलं होतं म्हणून वरचा पत्ता उचलला आणि घरातल्या सगळ्यांना पाठवून दिला. पत्त्याला शेपूट, शेपटात सूचना. सासूबाईंनी चित्रावर बोट लावलं आणि चित्राखालीच सूचना वाचली. त्या स्वतः दुकानात आल्या. मी कपाळाला हात लावून उभा होतो, पण बाई समंजस निघाल्या. म्हणाल्या, दार करा, जाडच करा, फक्त कडी आतून ठेवा.

दुसरी गंमत दातांच्या डॉक्टरांची. त्यांनी पत्ता लिहिताना तिसरा मजला, दार, आणि मग नंबरासाठी ती आडव्या-उभ्या चार काड्यांची खूण टाकून पुढं नऊ आकडा, इमारतीचं नाव, रस्ता, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. पण त्या खुणेला शेपटात वेगळाच अर्थ आहे म्हणे. ती आली की पुढचं दुसऱ्या पानाला दिसतच नाही. चिठ्ठी आली : ‘तिसरा मजला, दार’. फोन लावला तर डॉक्टर कोणाच्या तरी तोंडात हात घालून बसलेले, उचलेनात. आपले मिस्त्री (त्यांना तुम्ही ओळखता, अजूनही पेन्सिल कानामागे ठेवून घरभर शोधतात) डॉक्टरांचा भाग तेवढा ठाऊक म्हणून तिथल्या इमारती धरून निघाले. दोन माणसं, एक दार, आणि प्रत्येक तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवून एकच प्रश्न : हे दार तुमचं का? मिस्त्री सांगत होते की ज्याला विचारावं तो आधी स्वतःच्या दाराला हात लावून बघायचा, आहे ना जागेवर. चौथ्या इमारतीतल्या एका बाईंनी मात्र दार नीट निरखलं आणि म्हणाल्या, आमचं नाही, पण ठेवून जा.

हे झालं आणि मग, दादा, तुमची चिठ्ठी आली.

सकाळची वेळ, मी बिजागऱ्यांना तेल घालत होतो. यंत्र खरखरलं आणि चिठ्ठी बाहेर आली. तुमचं नाव. रुंदी, उंची, मी तीन वर्षांपूर्वी घेतलेलीच. लाकूड तेच. बिजागऱ्या उजवीकडे. तेलाची बाटली लवंडली हे कबूल करतो (मिस्त्री साक्षीला आहेत). आणि खाली विशेष सूचना : ‘तू लावलेलं दार काढून टाक’. संपलं. पुढं काही नाही.

आता तुम्ही स्वतःला माझ्या जागी ठेवा. तुमच्या नव्या घराच्या त्या दाराला मी कारागिराला हात लावू दिला नव्हता. पंधरा दिवसांनी मी तुमच्याकडे आलो, तुम्ही दार उघडलंत आणि मी उंबऱ्यावरच थांबलो. माझं दार मी आवाजावरून ओळखतो. खालून दोन सूत, चांगलं पाव इंच, लाकूड गेलेलं होतं. मी विचारलं, रंधा कोणी मारला? तुम्ही म्हणालात, घासत होतं, एकाला बोलावून तासून घेतलं. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर आत सगळे बसलेले असताना तुम्ही म्हणालात, ‘तुला सांगितलं असतं तर तू दार सोडून लादी तासली असतीस.’ सगळे हसले. (वहिनी सगळ्यांत आधी हसल्या. मला ऐकू आलं.) मी चहा न घेता निघालो. निघताना दार ओढून घेतलं, आणि ते जराही घासलं नाही. खरा राग त्याचा आला.

तर असं ते दार, आणि तीन वर्षांनी तुमच्याकडून आलेले पहिले शब्द हे असे. मी ती चिठ्ठी खिशात ठेवली. जेवताना वाचली, जेवून वाचली. सौ. म्हणाली, फोन करा. मी म्हटलं, फोन करून काय होणार, तो हॅलो म्हणेल, मी हॅलो म्हणेन, आणि मग दोघंही समोरच्यानं बोलावं म्हणून वाट बघत बसू. सहा दिवस असे काढले. सातव्या दिवशी, मंगळवारी, सून माळ्यावर यायच्या आत मी तिच्या यंत्रापुढं बसलो. तुमच्या नावासमोर दोन बटणं होती, ‘स्वीकार’ आणि ‘नकार’. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बुधवारी सून मिस्त्रींना समजावत बसली होती. सासूबाई आणि डॉक्टर या दोन प्रकरणांनंतर तिनं ते तात्पुरतं काम काढून पक्कं करायला घेतलं होतं, आणि कोणकोणत्या खुणांनी शेपूट तुटतं याची यादी मिस्त्रींना दाखवत होती. मिस्त्रींना त्यातलं काही कळत नाही, पण ते मान फार छान हलवतात. मी खाली उभा. वरून तिचा आवाज आला, ‘आणि ही खूण आली की यंत्र समजतं, इथं एक गोष्ट संपली, आता दुसरी सुरू. मग पुढचं सगळं गळून जातं. पण ही मराठीत लिहिणार कोण म्हणा.’

मी शिडी चढलो. (गुडघा तेव्हाच गेला. वरच्या आठव्या अंगाचा खुलासा हा.) कागदावर पाहिलं. &.

दादा, मराठीत ती खूण लिहिणारा एकच माणूस मला माहीत आहे. ‘आणि’ला तीन वळणं, वर वेलांटी, रंग जास्त आणि जागा जास्त, त्यापेक्षा ही एका दमात होते, असं म्हणून चाळीस वर्षं पाट्या रंगवताना ज्यानं ‘आणि’ कधी लिहिला नाही; ज्यानं वाण्याच्या यादीत, औषधाच्या चिठ्ठीवर, माझ्या शाळेच्या रजेच्या अर्जातसुद्धा ‘ताप & डोकेदुखी’ असं लिहिलं आणि माझ्या मास्तरांनी मलाच उभं केलं. तुम्ही त्या खुणेला गाठ म्हणता. दोन शब्द हिनं बांधले की सुटत नाहीत, असं तुम्ही मला ब्रश धरायला शिकवताना सांगितलं होतं. यांच्या यंत्रात उलटं आहे. तुमची गाठ ती त्यांची कात्री.

मी सुनेला म्हटलं, करून दाखव. तिनं चौकटीत लिहिलं, ‘मीठ & साखर’. बटण दाबलं. खाली यंत्र खरखरलं. मिस्त्रींनी चिठ्ठी आणून दिली. मीठ आलं होतं. साखर आली नव्हती.

तेव्हा मला कळलं की तुम्ही ‘काढून टाक’वर थांबला नव्हतात. तुम्ही कधीच एका वाक्यात थांबत नाही. आणि मला हेही कळलं की तुम्ही पुढं काहीतरी बोललात, आणि त्यावर आमच्याकडून उत्तर गेलं की ते आमच्या कामात बसत नाही. मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो आणि वर पाहिलं.

इथं मला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण न सांगता तुम्ही रस्त्यावरून पाहिलीत तर जास्त वाईट. दुकान सुरू केलं तेव्हा तुम्ही न विचारता पाटी रंगवून आणलीत, ‘दारं, खिडक्या & बंधू’. मी म्हटलं, बंधू कोण? तुम्ही म्हणालात, ‘मी. कामाला येणार नाही, पण पाटीवर असेन.’ गिऱ्हाइकं विचारायची, दारं-खिडक्या समजलं, बंधू कुठल्या लाकडाचा? आपण दोघं हसायचो. तर त्या दिवशी, चहा न घेता परत आलो त्या दिवशी, मी कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याला बोलावलं आणि ‘बंधू’ पुसून घेतलं. तुम्ही माझ्या दाराला परका रंधा लावलात, मी तुमच्या पाटीला परका ब्रश लावला. पण त्यानं & वर ब्रश नेला तेव्हा मी त्याला थांबवलं. इतकी सुबक खूण कोणी दुसरा काढणार नव्हता. त्यामुळे तीन वर्षं आमच्या दुकानावर ‘दारं, खिडक्या &’ असं लिहिलेलं आहे, आणि पुढं पांढरी जागा. लोक विचारतात, & काय? मिस्त्री सांगतात, & आत या. म्हणजे सुनेच्या यंत्रानं जे आता केलं ते मी आधीच, स्वतः उभा राहून, करून घेतलं होतं. निदान तिचं तरी चुकून झालं.

माझं चुकलं. (हे एकदाच. सुनेनं आता नवी सोय केली आहे. गिऱ्हाइकाचं सगळं बोलणं आपण आत सांभाळून ठेवायचं आणि त्याच्या हातात नुसतं टोकन द्यायचं, दुसरं पान टोकन बघून आतलं काढून देतं; शेपूट नाही, पाटी नाही. आणि ‘धन्यवाद’ एकदाच दिसतं, पान पुन्हा उघडलं की गेलं. काल एका निवृत्त हेडमास्तरांचा फोन आला की आमचे आभार मानून परत का घेतलेत. तर माझंही तसंच समजा. पान उलटून परत आलात आणि ही ओळ दिसली, तर तो कागदाचा दोष.)

तुमच्या मागणीपुढचं ‘नकार’ सुनेनं पुसलं आहे. ‘स्वीकार’ मी दाबलेलं नाही, कारण कशाचा स्वीकार करायचा ते मला अजून माहीत नाही. वहिनींना नमस्कार. खोकल्याला सकाळी गरम पाणी घ्या.

तुमचा,
पाटीवरचा पहिला अर्धा

ता. क. दाराचं माप बरोबरच होतं. लादी मागाहून बसवली आणि ती दोन सूत उंच बसवली, हे माझं मत अजून कायम आहे. माझं चुकलं ते इतर बाबतीत.

ता. क. २. एवढं लांबण लावलं ते एका विनंतीसाठी. & च्या पुढं काय लिहिलं होतंत, ते कळवा. साइटवरून नको, आता पक्की झाली आहे तरी नको.

ता. क. ३. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात सून खाली आली. म्हणाली, बाबा, दुसऱ्या पानाला दिसलं नाही तरी यंत्राच्या फाटकावर एक वही असते, आलेला प्रत्येक पत्ता शेपटासकट त्यात टिपला जातो. तिनं तुझा शोधून छापून आणला आहे. घडी घालून माझ्या हातात दिला आणि वर निघून गेली. मी उघडला नाही. तीन वर्षांनी तू काही बोलणार, ते मला वाचायचं नाही, ऐकायचं आहे. (खोटं कशाला सांगू, उजेडाकडे धरून पाहिला. त्यात & चार वेळा आहे. पहिल्या & च्या पुढचा एकच शब्द लागला, ‘तूच’. त्याच्यापुढं काम असो की शिवी, दोन्हीचा स्वीकार.) रविवारी दुकान बंद ठेवतो आहे. पाटीवरची पांढरी जागा मोजून ठेवली, एक शब्द बरोबर बसतो. ये. ब्रश तुझा & शिडी माझी.